येऊन राहिला

‘वाघ येऊन राहिला.’

हे वाक्य पुण्यात ऐकणाऱ्याला एक गोष्ट सांगते आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल किंवा सिंदेवाहीच्या रानालगत ऐकणाऱ्याला दुसरीच. पुणेकराला कळते ते असे : वाघ कुठून तरी आला आणि इथे मुक्कामाला राहिला. म्हणजे गोष्ट घडून गेलेली आहे, आता पुढचे काय ते वन खात्याने सवडीने ठरवावे. चंद्रपूरकराला कळते ते असे : वाघ या घटकेला इकडे येतो आहे, गुरे हाका, लेकरांना आत घ्या. शब्द तेच, क्रम तोच, आणि दोघांची भाषा मराठीच. अर्थ बदलला तो ‘राहणे’ या क्रियापदाने दोन ठिकाणी दोन वेगळी कामे केल्यामुळे.

असेच एक वाक्य मोहाचे. ‘मोहफुलं पडून राहिली.’ प्रमाण मराठीत याचा अर्थ फुले तशीच पडून आहेत, कुणी वेचली नाहीत, माल वाया चालला. गडचिरोलीत याचा अर्थ फुले आत्ता गळताहेत. मार्च-एप्रिलात मोह रात्री फुलतो आणि पहाटेपासून टपटप गळू लागतो. टोपली घेऊन झाडाखाली उजाडण्याआधी पोहोचावे लागते; उशीर झाला की रानातली जनावरे फुले खातात. त्या दिवसांत घरातली म्हातारी लेकीसुनांना उठवते ती ‘मोहा पडून रायला’ असे म्हणून. तिच्या तोंडी त्याचा अर्थ ‘चला, निघा’ असा असतो. ज्या घराचे पुढचे काही महिने या फुलांवर भागायचे असतात, तिथे या क्रियापदाचा अर्थ नीट कळणे ही पोटापाण्याची गोष्ट आहे.

विदर्भाबाहेरच्या पुष्कळ मराठी माणसांना ‘करून राहिलो’, ‘जाऊन राहिली’, ‘काय चालून राहिलं?’ ही रूपे अशुद्ध वाटतात. हिंदीची नक्कल वाटतात. शाळेत ती लाल शाईने खोडली जातात. मला ती मराठीच्या व्याकरणाने आपल्याच भांडवलावर उभी केलेली, नियमबद्ध आणि उपयोगी रूपे वाटतात. असे का वाटते, ते नीट मांडायचे आहे. त्यासाठी थोडे इंग्रजीकडे वळून यावे लागेल.

इंग्रजी शिकणाऱ्या मराठी मुलाला काळ आणि कर्मणी प्रयोग यांच्यापेक्षा जास्त छळतात ती ‘गिव्ह अप’, ‘पुट अप विथ’, ‘गो ऑन’ असली जोडक्रियापदे. ‘गिव्ह’ म्हणजे देणे, ‘अप’ म्हणजे वर, मग ‘गिव्ह अप’ म्हणजे नाद सोडणे कसे? दोन्ही शब्दांचे अर्थ पाठ असूनही जोडीचा अर्थ हाती लागत नाही. खुद्द सॅम्युएल जॉन्सनने 1755 साली आपला इंग्रजी कोश प्रसिद्ध केला तेव्हा प्रस्तावनेत हीच अडचण नोंदवली होती : क्रियापदामागे एखादा छोटा शब्द जोडून अर्थ फिरवण्याची इंग्रजीला फार सवय आहे आणि परक्या माणसाला सर्वांत जास्त त्रास होतो तो यामुळेच. त्याने अशी क्रियापदे काळजीने गोळा करून कोशात घातली. इंग्रजी व्याकरणात या प्रकाराला आज ‘फ्रेझल व्हर्ब’ म्हणतात; हे नाव लोगन पिअरसॉल स्मिथ यांनी 1925 साली छापून वापरले. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाचे एक संपादक हेन्री ब्रॅडली यांनी ते सुचवले, असे स्मिथ यांनीच नमूद केले आहे. घरगुती, बोलीतल्या समजल्या जाणाऱ्या या शब्दजोड्यांना इंग्रजांनी कोशात मानाची जागा दिली. आज केवळ अशा क्रियापदांचे स्वतंत्र कोश निघतात.

‘गो ऑन’ हेच घ्या. ‘गो’ म्हणजे जाणे, ‘ऑन’ने त्याला ‘पुढे’ असा अर्थ दिला. पुढे जात राहणे यावरून ‘चालू राहणे’ आले. चालू असणे यावरून ‘घडणे’ आले. ‘व्हॉट्स गोइंग ऑन?’ म्हणजे काय चाललंय? बोलणे चालूच ठेवणे यावरून एखाद्याने तेच ते लांबवून बोलत बसणे आले. कुणाला भरीला घालायचे तर ‘गो ऑन’. आणि कुणी अविश्वसनीय काही सांगितले तरी ‘गो ऑन!’ यातला शेवटचा अर्थ मराठी माणसाला समजावून सांगायची गरज नाही, कारण आपणही तेव्हा ‘चल, काहीतरीच!’ म्हणतो आणि नागपूर-चंद्रपूरकडे ‘जाय बे!’ म्हणतात. जाण्याच्या क्रियापदाने चालू असलेल्या क्रियेचे काम इंग्रजीत उचलले. विदर्भात तेच काम राहण्याच्या क्रियापदाने उचलले. ‘व्हॉट्स गोइंग ऑन?’ला चंद्रपूरच्या चौकात मिळणारा तंतोतंत प्रतिशब्द आहे ‘काय चालून राहिलं?’

मराठीत क्रियापदामागे ‘अप’, ‘ऑन’, ‘ऑफ’ लावायची सोय नाही, पण त्याहून सूक्ष्म सोय आहे. आपण क्रियापदामागे दुसरे क्रियापदच लावतो. ‘खाऊन टाक’ म्हणजे उरवू नको, संपव. ‘खाऊन घे’ म्हणजे तुझ्यासाठी, वेळ आहे तोवर. ‘खाऊन बघ’ म्हणजे चव तर कळू दे. ‘नको ते खाऊन बसला’ म्हणजे आता निस्तरा. ‘खाऊन’ सगळीकडे तेच आहे. टाकणे, घेणे, बघणे, बसणे यांनी आपापला मूळ अर्थ बाजूला ठेवून बोलणाऱ्याच्या मनाचा कल सांगितला आहे. आणि ज्या ‘गिव्ह अप’ने आपण गोंधळतो त्याला मराठीत आपण काय म्हणतो? ‘सोडून देणे.’ इथे कोण कुणाला काय देतो? इंग्रजीतही ‘देणे’ आणि मराठीतही ‘देणे’, दोन्हीकडे देण्याचा मूळ अर्थ विरून गेलेला. परभाषेतले कोडे सोडवताना आपल्या घरात तेच कोडे रोज सुटते आहे, हे आपल्या लक्षात येत नाही.

अशा जोड्यांना आपण संयुक्त क्रियापदे म्हणतो. मोरो केशव दामले यांच्या 1911 च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त त्यांचा विचार आहे, आणि मराठीत खरी संयुक्त क्रियापदे मानावीत की नाही यावर वैयाकरणांचे वादही झाले आहेत. शाळेत शिकवली जाणारी कसोटी सोपी आहे : दोन क्रियापदरूपांतून दोन क्रिया कळत असतील तर ते संयुक्त क्रियापद नव्हे, दोहोंतून मिळून एकच क्रिया कळत असेल तर ते संयुक्त क्रियापद. ‘तो जेवून गेला’ यात जेवणे आणि जाणे या दोन क्रिया आहेत. ‘तो विसरून गेला’ यात विसरणे ही एकच. हीच कसोटी आपल्या वाक्याला लावा. पुण्यातला वाघ आला आणि राहिला, अशा दोन क्रिया झाल्या. चंद्रपूरचा वाघ फक्त येतो आहे, क्रिया एकच. पाठ्यपुस्तकाच्याच मापाने ‘येऊन राहिला’ हे चंद्रपुरात अस्सल संयुक्त क्रियापद ठरते.

आता खुद्द ‘राहणे’ पाहू. मराठीतल्या कुठल्याही क्रियापदाने इतक्या परस्परविरोधी दिशांना काम केले असेल का, अशी शंका यावी असे हे क्रियापद आहे. ‘तो गडचिरोलीत राहतो’, इथे वस्ती. ‘दोनच पोळ्या राहिल्या’, इथे उरणे. ‘राहू दे’, इथे नकार किंवा समजूत. ‘तिला दिवस राहिले’, इथे गर्भधारणा. ‘उभा राहा’, इथे स्थिती धरणे. ‘दुखायचं राहिलं’, इथे थांबणे. ‘पत्र लिहायचं राहिलं’, इथे न घडणे. ‘तो लिहीत राहिला’, इथे सतत घडणे. ‘लिहायचं राहिलं’ आणि ‘लिहीत राहिला’ यांत अंतर फक्त पहिल्या शब्दाच्या प्रत्ययाचे; एकात काम झालेच नाही, दुसऱ्यात काम थांबलेच नाही. यात विदर्भाने तिसरे रूप घातले : ‘लिहून राहिला’, म्हणजे काम या क्षणी चालू आहे.

या सगळ्या अर्थांच्या बुडाशी एक समान गोष्ट आहे. जे होते तिथेच असणे, पुढे न सरकणे. माणूस जागेवरच असला की वस्ती, पोळी ताटातच असली की उरणे, काम हाती न घेता तसेच असले की राहून जाणे. आणि करणारा माणूस त्या करण्यातच असला की ‘करून राहिला’. प्राकृतात हे क्रियापद ‘रहइ’ या रूपात भेटते. त्यामागे संस्कृतातला ‘रह्’, म्हणजे सोडणे, हा धातू असावा असे काही व्युत्पत्तिकार मानतात. ‘रहित’ आणि ‘विरह’ हे शब्द त्याच धातूचे. मागे सोडलेले ते मागे राहिलेले, असा तो अर्थाचा प्रवास सांगितला जातो.

‘-ऊन राहणे’ ही जोडणी विदर्भाने बाहेरून उचलून आणली असे म्हणणाऱ्यांनी आपलीच प्रमाण मराठी जरा कान देऊन ऐकावी. ‘काळजी लागून राहिली.’ ‘खोलीत सुगंध भरून राहिला.’ ‘दरीत धुकं दाटून राहिलं.’ ‘डबक्यात पाणी साचून राहिलं.’ ‘गाडी चिखलात अडकून राहिली.’ ‘बिबट्या दबा धरून राहिला.’ यातले एकही वाक्य वैदर्भी नाही. मुंबई-पुण्याचा कोणताही लेखक ही वाक्ये बिनदिक्कत लिहितो. आणि या वाक्यांत काळजी आधी लागली व मग कुठे तरी राहायला गेली, असे कुणी समजत नाही. ‘राहिली’ने इथे एकच सांगितले आहे : लागण्याने जी अवस्था आली ती टिकून आहे.

तेव्हा जोडणी मराठीचीच आहे. प्रमाण मराठीने ती अवस्था दाखवणाऱ्या क्रियापदांपुरती ठेवली : लागणे, भरणे, दाटणे, साचणे, अडकणे. विदर्भाच्या बोलींनी ती जाणे, येणे, लिहिणे, जेवणे, नांगरणे अशा कृतीच्या क्रियापदांनाही लावली. ‘धुकं दाटून राहिलं’ हे दोन्हीकडे चालते. ‘मी धान रोवून राहिलो’ हे फक्त विदर्भात. पहिले वाक्य साहित्यिक आणि दुसरे गावंढळ, हा भेद ऐकणाऱ्याच्या मनातला आहे. व्याकरणाच्या दृष्टीने दुसरे हे पहिल्याचेच पुढचे पाऊल आहे.

दुसरा आक्षेप काळाचा. ‘राहिला’ हे भूतकाळी रूप. ते वर्तमानातल्या क्रियेला कसे लावायचे? पण भूतकाळी रूपाने वर्तमान सांगणे ही तर सगळ्या मराठीची सवय आहे. ‘बाळ झोपलंय’ म्हणजे बाळ आत्ता झोपेत आहे. ‘आजोबा ओसरीवर बसलेत’ म्हणजे आत्ता बसलेले आहेत. एवढेच काय, खालून कुणी हाक मारली की आपण घरातूनच ओरडतो, ‘आलो, आलो!’ तेव्हा पायात चपलाही नसतात. क्रियेत शिरलो म्हणजे ती झाली, असे मराठी मन धरून चालते. ‘जेवून राहिलो’ म्हणणारा माणूसही तेच करतो : जेवणाच्या अवस्थेत मी येऊन ठेपलो आणि तिथेच आहे.

बोलीने ही रचना उचलली ती मोघमपणे उचललेली नाही. तिचे नियम काटेकोर आहेत. उच्चारात ‘राहिला’चे ‘राह्यला’ किंवा ‘रायला’ होते. मी जाऊन रायलो, ती जाऊन रायली, ते जाऊन रायले, पाणी येऊन रायलं. (‘पाणी येऊन रायलं’ म्हणजे पाऊस येतो आहे, तिकडे पावसाला सर्रास ‘पाणी’ म्हणतात.) वर्तमानासाठी मागे ‘आहे’ लावावे लागत नाही, कारण ‘रायलो’तल्या प्रत्ययानेच ‘मी’ कळतो. भूतकाळ हवा तर ‘होता’ लावायचा : ‘मी तवा जेवून रायलो होतो.’ नकार हवा तर ‘नाही’ मधे येतो : ‘तो काही ऐकून नाही रायला.’ मन आणि इंद्रिये यांची क्रियापदेही यात बसतात : ‘मले असं वाटून रायलं’, ‘लई मस्त दिसून रायली’. पण ‘असून रायला’ असे कुणी म्हणत नाही. कुठे लावायचे आणि कुठे नाही हे पाच वर्षांच्या पोरालाही ठाऊक असते, आणि त्याला ते कुणी शिकवलेले नसते. ज्याला असा नियम आहे त्याला चूक म्हणता येत नाही.

मग घोटाळा होत नाही का? ‘येऊन राहिला’चे दोन अर्थ बोलीतल्या माणसाला आड येत नाहीत का? येत नाहीत, कारण दुसऱ्या अर्थासाठी बोलीने दुसरी सोय केली आहे. कुणी मुक्कामाला आला असेल तर ‘तो इथं राह्याले आला’. फुले जमिनीवर नुसती पडलेली असतील तर ‘पडून हायेत’. चालू क्रिया आणि झालेली अवस्था यांच्या वाटा बोलीने स्वच्छ वेगळ्या केल्या आहेत. घोटाळा होतो तो फक्त बाहेरून आलेल्या माणसाचा. आणि बदलून आलेल्या वनाधिकाऱ्याने, डॉक्टरने, शिक्षकाने, पोलिसाने हा फरक पहिल्याच आठवड्यात समजून घ्यायला हवा. ‘पोरीले चक्कर येऊन रायली’ हे वाक्य दवाखान्यात ऐकणाऱ्या डॉक्टरला चक्कर येऊन गेली की या क्षणी येते आहे, हे कळलेच पाहिजे.

आता शेजाऱ्यांकडे येऊ. हिंदीत ‘कर रहा है’ आहे, हे खरे. नागपूरच्या भोसल्यांचे राज्य खालसा झाल्यावर 1861 साली इंग्रजांनी मध्य प्रांत बनवला. चांदा (आजचे चंद्रपूर) जिल्हा त्यात होता. 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत हा मुलूख हिंदी भाषकांबरोबर एकाच प्रांतात नांदला. कचेरी, रेल्वे, कोळशाच्या खाणी, बाजार, सगळीकडे हिंदी कानावर होती. तेव्हा हिंदीच्या सहवासाने ही रचना फोफावली, हे मानायला हरकत नाही. पण हिंदीतले ‘कर’ हे मुळात काय आहे? जुन्या हिंदीत आणि ब्रजात ‘करि’ असे रूप होते आणि त्याचा अर्थ ‘करून’. शेवटचा इकार झिजला आणि ‘कर’ उरले. म्हणजे ‘कर रहा’ची घडण ‘करून राहिला’ हीच. हिंदीत झिजेमुळे ती आता दिसेनाशी झाली आहे. मराठीत ‘-ऊन’ शाबूत असल्याने अजून उघड दिसते. विदर्भाने हिंदीचे रूप उचलले असते तर ‘कर राहिला’ झाले असते. बोलीने आपला प्रत्यय वापरला, आपले लिंग-वचन वापरले, ‘आहे’ची गरज काढून टाकली. जुळी रचना शेजारी होती म्हणून धीर आला असेल. माल घरचाच होता.

शिवाय हिंदी हा एकच शेजारी नव्हे. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत भाषांची जितकी दाटी आहे तितकी महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी असेल. चांद्यावर गोंड राजांनी अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत राज्य केले. धानोरा, एटापल्ली, भामरागड या तालुक्यांत आजही गोंडी आणि माडिया घरोघर बोलली जाते. गोंडीत ‘असणे’ आणि ‘राहणे’ यांना एकच धातू आहे, ‘मन्’. ‘मंदाना’ म्हणजे असणे आणि राहणेही. दक्षिणेला सिरोंच्यात तेलुगू चालते. तेलुगूत ‘उंडु’ म्हणजे असणे आणि राहणे. ‘तो करतो आहे’ याला तेलुगूत ‘चेस्तुन्नाडु’ म्हणतात आणि त्यातला ‘उन्नाडु’ याच ‘उंडु’चा. उत्तरेला कोरची-कुरखेड्याकडे हलबी आणि छत्तीसगढी, तर चामोर्शी-मुलचेऱ्याच्या वसाहतींत पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांची बंगाली. चालू क्रिया सांगायला असण्या-राहण्याचे क्रियापद जोडणाऱ्या भाषांच्या गराड्यात इथली मराठी वाढली. ‘राहणे’ने इथे जोर धरला, याचे श्रेय एकट्या हिंदीला देणे या मातीतल्या इतर भाषांवर अन्याय करण्यासारखे आहे.

आणि हे काही फक्त भारतात घडले असेही नाही. स्पॅनिशमध्ये चालू क्रियेसाठी ‘एस्तार’ हे क्रियापद वापरतात, इटालियनमध्ये ‘स्तारे’; दोन्ही लॅटिनच्या ‘स्तारे’पासून आलेली, म्हणजे उभे असणे. त्याच मुळाचा संस्कृत धातू ‘स्था’; तो आपल्या ‘स्थान’, ‘स्थिती’, ‘स्थावर’ या शब्दांत बसला. उभे असणे, थांबणे, राहणे, बसणे यांतून ‘करत असणे’ घडवण्याची ही वाट जगात अनेक भाषांनी स्वतंत्रपणे चोखाळली आहे. गडचिरोलीची आजी आणि माद्रिदचा दुकानदार यांच्या व्याकरणाने एकच युक्ती शोधली, आणि दोघांनीही ती एकमेकांना विचारून शोधली नाही.

चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या भागाला झाडी किंवा झाडीपट्टी म्हणतात आणि इथल्या मराठीला झाडीबोली. ळचा र होतो, डोळ्याचा ‘डोरा’. णचा न होतो, पाण्याचे ‘पानी’. ग्रिअर्सनच्या भाषा सर्वेक्षणाचा सातवा खंड 1905 साली निघाला. त्यात वऱ्हाडी, नागपुरी आणि हलबी यांचे नमुने आले. झाडीबोलीचा स्वतंत्र, चिकाटीने अभ्यास केला तो साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी. तिचे शब्द, तिची लोकगीते, तिचे व्याकरण यांसाठी त्यांनी आयुष्याची वर्षे दिली. झाडीबोलीची साहित्य संमेलने भरू लागली, लिहिणारे पुढे आले. आता डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मराठीच्या बोलींच्या सर्वेक्षणात गावोगावचे बोलणे ध्वनिमुद्रित करून ते सर्वांसाठी खुले केले आहे. ज्याला ‘करून राहिलो’ अशुद्ध वाटते त्याने ते बोलणे एकदा सलग ऐकावे. कुठे अडखळणे नाही, कुठे उसनवारी नाही. सहज, भरदार मराठी आहे.

या बोलीच्या मागे रंगभूमीही उभी आहे. देसाईगंज, म्हणजे वडसा, हे झाडीपट्टीच्या नाटकांचे माहेर. धान कापून झाले, दिवाळी उलटली की कंपन्यांच्या तारखा लागतात. मंडपात रात्री सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते आणि पंचक्रोशीतले लोक थंडीत पोराबाळांसह बसून पाहतात. दंडार आणि खडी गंमत या लोककलांच्या पोटी ही रंगभूमी आली. तिच्यातले ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली. एका बोलीच्या मुलखाने तिकीट काढून, रात्र जागून जी रंगभूमी पोसली, ती बोली कमअस्सल कशी म्हणायची? तरीही मुंबईच्या चित्रपटांत आणि मालिकांत ‘करून राहिला बे’ बहुधा हसवण्यापुरते येते. नायक प्रमाण बोलतो, विनोदी पात्र वैदर्भी. असे वर्षानुवर्षे पाहिले की मुलाच्या मनात बसते की आपल्या आईची भाषा ही हसायची भाषा आहे. याचे मला मनापासून वाईट वाटते.

त्याहून जास्त नुकसान होते ते वर्गात. मूल पहिलीत येते तेव्हा त्याच्यापाशी चालू वर्तमानकाळ आधीच असतो. ‘सर, मी लिहून रायलो’ असे ते सांगते तेव्हा त्याने काळ बरोबर ओळखला, क्रिया बरोबर ओळखली, पुरुष-लिंग-वचन बरोबर जुळवले. त्याला ‘चूक’ म्हटले की त्याला हे कळत नाही की काय चुकले. एवढेच कळते की बोललो म्हणून चुकले. मग ते बोलायचे कमी करते. ज्याच्या घरात गोंडी किंवा माडिया आहे त्या मुलावर तर हे ओझे दुप्पट : आधी घरची भाषा सोडायची, मग गावातली मराठीही सोडायची, आणि तिसरी पुस्तकातली धरायची.

इंग्रजीच्या तासाला मात्र हेच मूल ‘गिव्ह अप’ आणि ‘गो ऑन’ पाठ करते, कारण ते पुस्तकात आहे, त्याला कोशात जागा आहे. परक्या भाषेतल्या घरगुती क्रियापदांना आपण परीक्षेत गुण देतो. आपल्या भाषेतल्या घरगुती क्रियापदाचे गुण कापतो. इंग्रजांनी आपल्या अशा क्रियापदांना पावणेतीनशे वर्षांपूर्वी कोशात घेतले. मराठीला 3 ऑक्टोबर 2024 रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आपण आपल्या बोलींची क्रियापदे अजून वहीच्या समासात खोडतो आहोत.

म्हणून दोन मागण्या आहेत. पहिली कोशकारांकडे आणि विद्यापीठांकडे. ‘राहणे’ या शब्दाच्या नोंदीत विदर्भातला चालू क्रियेचा अर्थ उदाहरणांसह, जिल्ह्याच्या नावासह, प्रादेशिक म्हणून नव्हे तर मराठी म्हणून छापा. गडचिरोलीत 2011 पासून गोंडवाना विद्यापीठ आहे; तिथल्या मराठीच्या विद्यार्थ्यांनी आपापल्या गावातली अशी संयुक्त क्रियापदे नुसती टिपून काढली तरी उत्तम काम उभे राहील. दुसरी मागणी शिक्षकांकडे. मुलाने वहीत ‘मी लिहून राहिलो’ असे लिहिले तर खोडू नका. शेजारी लिहा : ‘पुस्तकात याला लिहीत आहे म्हणतात.’ मुलाला दोन्ही रूपे येऊ द्या आणि कुठे कोणते वापरायचे ते त्याचे त्याला ठरवू द्या. प्रमाण मराठी त्याला आलीच पाहिजे, परीक्षेसाठी, नोकरीसाठी, जगासाठी. पण ती शिकवताना त्याची मराठी चुकीची होती असे त्याला सांगू नका, कारण ते खरे नाही.